जिथं आपलं कुणी नाही

मिरजेहून सुटलेली पॅसेंजर सांगलीत येते
तेव्हा जैबुन आधीच बाकावर असते,
पिशवीत थर्मास, चार भाकरी, शेंगदाण्याची चटणी,
आणि टाइमटेबल, ज्यावर तिचा फारसा विश्वास नाही.

नियम एकच:
जिथं आपलं कुणी नाही, तिथंच उतरायचं.

म्हणजे कराड नाही, तिथं माझी नणंद.
मसूर नाही, तिच्या सुनेचं माहेर.
रहिमतपुरात तर दोघींचेही व्याही.
आयुष्यभर या रुळांवरून गेलो
ते बारशाला, साखरपुड्याला, दहाव्याला, जियारतीला.
भरले डबे नेले, रिकामे आणले.
गाव पाहिलं ते रिक्षातून, पदर सावरत.

तरी ही सगळी नावं पाठ.
एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन, हातात पिना,
नांद्रे द्या, भिलवडी द्या,
ताकारी लागत नाही, ताई, जरा बघा की.
गावं म्हणजे बोर्डावरची भोकं.
कुठलं खरखरायचं,
कुठलं वळवाच्या वाऱ्यात मुकं व्हायचं,
एवढीच ओळख.

नांद्र्याला स्टेशनामागं वजनकाटा आहे,
उसाचा नव्हे, माणसांचा,
दिवे फिरायचे तो. कधीचा बंद.
कुणीतरी त्यावर तुळशीचा डबा ठेवलाय.
जैबुन तरी चढली, तुळशीशेजारी.
रुपया टाकला. तिकीट आलं नाही.
"बरं झालं," म्हणाली,
"वजनही नको आन् भविष्यही."

भिलवडीत नदीच्या वाटेवर
एका घराच्या भिंतीला पुराच्या रेघा,
सालासकट, खिळ्यानं कोरलेल्या.
सगळ्यात वरच्या रेघेवर खुंटी,
खुंटीला पांढरी टोपी.
शिडीशिवाय हात पोचत नाही.
"काढून घालता का कधी?"
घरधनी म्हणाला, "माझी नाही ती. पाण्याची आहे."

आमणापूरला काही नव्हतं.
ते आम्ही चार तास पाहिलं.
लिंबाखाली बसून मालगाडी मोजली,
माझ्या मते अठ्ठावन्न वाघिणी,
तिच्या मते सत्तावन्न.
अजून भांडण मिटलेलं नाही.

ताकारीला जुनं एक्स्चेंज विचारलं
तर पोरानं मोबाइलचं दुकान दाखवलं.
चहाच्या टपरीशेजारी एक म्हातारा
सायकलचं चाक उलटं धरून
आरा खेचत बसलेला, पाठ आमच्याकडं.
मी म्हटलं, दोन चहा, साखर कमी.

चाक थांबलं.
"सांगली?"
मान वळवली नाही त्यानं.
मी म्हटलं, हो.
"तेवीस नंबर. वाहतूक सोसायटीत होतो.
कधी धड लागायचा नाही."
"खरखर तुमच्या बाजूला होती."
"न्हाई बाई. तुमच्या."

चाकाला हात लावून सोडलं, ते फिरत राहिलं.
मग म्हणाला,
एका रात्री मिरजेचा दवाखाना जोडून दिला होता.
आई तिथं होती.
बोलणं झालं, नंतर मला बोलता येईना,
तर तुमच्यातली एक बाई लाईनवर थांबली होती.
काही बोलली नाही. होती फक्त.

मी का जैबुन?
दोघींनाही आठवेना.
दोघी गप्प राहिलो,
ड्यूटीवर राहायचो तशा,
दुसऱ्याचं ऐकू येत असताना.
चहा आला. साखर भरपूर.
पैसे त्यानं देऊ दिले नाहीत,
आणि तोंड शेवटपर्यंत दाखवलं नाही.

परतीच्या गाडीत जैबुननं वही काढली,
ताकारी खोडलं.
तिथं आता जाता यायचं नाही,
तिथं आपलं कुणीतरी आहे.
पुढच्या रविवारी शेणोली, म्हणते.
शेणोली? मी म्हटलं,
ती तर पहिल्या फटक्यात लागायची.
"म्हणून तर," पेनाचं टोपण दातात धरून ती म्हणाली,
"तिथल्या कुणाशी बोलणंच झालं नाही."